'लाय' की 'ले'? एका जोडीवर पाच इंग्रजी शब्दकोशांची परीक्षा

'पुस्तक टेबलावर पडलं होतं' हे इंग्रजीत सांगायला 'ले' लागतं, आणि 'पुस्तक टेबलावर ठेव' म्हणायलाही 'ले' चालतं. पहिलं 'ले' हे 'लाय' या क्रियापदाचं भूतकाळी रूप, दुसरं 'ले' हे स्वतंत्र क्रियापद. स्पेलिंग एकच, उच्चारही एकच. त्यात 'खोटं बोलणं' या अर्थाचं तिसरं 'लाय' येऊन मिसळतं. शब्दकोश शिकणाऱ्याच्या किती कामाचा आहे हे तपासायला इतकी खडूस जोडी दुसरी क्वचितच मिळेल. म्हणून इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेले, इंटरनेटवर फुकट वापरता येणारे पाच कोश इथे याच जोडीवर तपासले आहेत: ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन, कॉलिन्स कोबिल्ड आणि ब्रिटानिका.

आधी तीन क्रियापदांची रूपं समोर ठेवू, म्हणजे पुढचं बोलणं सोपं होईल.

लाय – ले – लेन, चालू रूप लाइंग: आडवं पडणं, पडून असणं, वसलेलं असणं
ले – लेड – लेड, चालू रूप लेइंग: (काहीतरी) ठेवणं, पसरणं, रचणं, घालणं
लाय – लाइड – लाइड, चालू रूप लाइंग: खोटं बोलणं

गोंधळ होतो तो मधल्या खान्यात. पहिल्या ओळीचं दुसरं रूप आणि दुसऱ्या ओळीचं पहिलं रूप हुबेहूब सारखं आहे. अर्थाचा फरक मात्र दोन वाक्यांत सांगता येतो. 'लाय'मध्ये कर्ता स्वतः आडवा असतो, त्याला कर्म नसतं. 'ले'मध्ये कर्ता दुसरं काहीतरी आडवं करतो किंवा ठेवतो, आणि ते 'काहीतरी' वाक्यात सांगावंच लागतं.

मराठी माणसाला हा भेद नवा नाही. पडणे–पाडणे, बसणे–बसवणे, उठणे–उठवणे, वाढणे–वाढवणे, निजणे–निजवणे अशी जोड्यांची रांगच आपल्याकडे आहे, आणि त्या वापरताना कोणी चुकत नाही. इंग्रजीत अशा जोड्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत आणि त्यांचे जुने दुवे झिजले आहेत, म्हणून त्या पाठ कराव्या लागतात. तेव्हा चांगल्या कोशाकडून अपेक्षा एवढीच, की कर्म लागतं की नाही हे त्याने नोंदीच्या सुरुवातीलाच आणि कळेल अशा भाषेत सांगावं. अर्थ सगळेच कोश बरोबर देतात. फरक पडतो तो ही एक गोष्ट कशी सांगितली आहे त्यात.

ब्रिटानिकापासून सुरुवात करू, कारण या बाबतीत सगळ्यात सरळ तोच आहे. हा मुळात मेरियम-वेब्स्टरचा 2008 साली आलेला लर्नर्स कोश. आता तो ब्रिटानिकाच्या नावाने आणि त्यांच्याच संकेतस्थळावर मिळतो. बाकीचे बहुतेक कोश 'ट्रान्झिटिव्ह' आणि 'इन्ट्रान्झिटिव्ह' असे शब्द किंवा त्यांची आद्याक्षरं वापरतात. ब्रिटानिका चौकटी कंसात साधं लिहितो: 'नो ऑब्जेक्ट', म्हणजे कर्म नाही, किंवा अधिकचं चिन्ह लावून 'ऑब्जेक्ट', म्हणजे कर्म हवं. व्याकरणाची परिभाषा शाळेनंतर विसरलेल्या माणसालाही हे कळतं. 'लाय'च्या आडवं असण्याच्या अर्थांवर पहिली खूण, 'ले'च्या ठेवण्याच्या अर्थांवर दुसरी. ठेवण्याच्या अर्थाला पुढे 'कुठे' हे सांगावंच लागतं, तर तशी सूचनाही वाक्यात लिहिलेली असते. शिवाय उदाहरणं भरपूर, आणि अवघड उदाहरणाच्या शेजारीच बरोबरचं चिन्ह टाकून तेच सोप्या शब्दांत पुन्हा सांगितलेलं. उणीव म्हणाल तर उच्चार अमेरिकी, आणि उदाहरणांची गर्दी इतकी की मोबाइलवर पान खाली सरकवता सरकवता मूळ व्याख्या नजरेआड जाते.

कोबिल्डची रीतच निराळी. बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या देखरेखीखाली हा कोश तयार झाला आणि 1987 मध्ये पहिल्यांदा बाहेर आला. खऱ्या वापरातला इंग्रजी मजकूर संगणकावर जमवून त्यावरून त्याच्या नोंदी लिहिल्या गेल्या. पण शिकणाऱ्याला जाणवतं ते त्याचं दुसरं वैशिष्ट्य: व्याख्या पूर्ण वाक्यात असते. 'तुम्ही एखादी वस्तू कुठेतरी 'ले' केलीत, म्हणजे ती तिथे काळजीपूर्वक, हळुवार किंवा नीटनेटकी ठेवलीत', असा तिचा साचा. 'लाय'ला हाच साचा 'तुम्ही कुठेतरी लाय करत असाल' असा सुरू होतो, मध्ये वस्तू येतच नाही. म्हणजे व्याख्या वाचताना कर्म आहे की नाही हे वेगळं शोधावं लागत नाही, ते वाक्यातच बसलेलं असतं. शेजारी क्रियापद आणि नाम यांचे छोटे सूत्रवजा नमुनेही दिलेले असतात.

त्या व्याख्येतला 'हळुवार, नीटनेटकी' हा भागही सोडून देण्यासारखा नाही. 'ठेवणे' या एका मराठी शब्दामागे इंग्रजीत 'पुट' आणि 'ले' असे दोन शब्द उभे आहेत. 'पुट' कुठेही, कसंही चालतं. 'ले'मध्ये सहसा सपाट, आडवं, सांभाळून ठेवणं असतं: बाळाला पाळण्यात, कपडा पलंगावर पसरून, जखमी माणसाला जमिनीवर. किल्ल्या खिशात ठेवायला किंवा बाटली फळीवर उभी ठेवायला 'ले' वापरलं तर इंग्रजी वाचणारा अडखळतो. बाटली आडवी केली तर मात्र 'ले' शोभतं. नुसतं 'ले म्हणजे ठेवणे' एवढं पाठ करून हे कधीच कळणार नाही. म्हणून अर्थभेदासाठी एकच कोश उघडायचा असेल, तर तो कोबिल्ड. हे मत या पाचही कोशांची तुलना करून दिलेलं आहे आणि त्यावर फार वाद होईल असं वाटत नाही.

कॉलिन्सच्या संकेतस्थळावर एक अडचण मात्र आहे. एकाच पानावर कोबिल्ड, त्याखाली ब्रिटिश इंग्रजीचा वेगळा कोश आणि त्याखाली अमेरिकी कोश अशी तिन्हींची नोंद लागोपाठ येते. खालचे दोन कोश इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांसाठी आहेत. त्यांत अर्थांची संख्या मोठी, भाषा दाट आणि खुणा संक्षिप्त. नवखा वाचक खाली घसरत जातो आणि आपण दुसऱ्याच कोशात शिरलो आहोत हे त्याच्या लक्षात येत नाही. पानावर कोबिल्डचं नाव जिथपर्यंत आहे तिथपर्यंतच वाचायचं, पुढे जायचं नाही.

ऑक्सफर्डचा ॲडव्हान्स्ड लर्नर्स कोश या घराण्यातला सगळ्यात जुना. ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये इंग्रजी शिकवताना तो रचला. 1942 मध्ये टोकियोत तो प्रथम छापला गेला आणि 1948 पासून ऑक्सफर्डने तो आपल्या नावाने काढला. दहावी आवृत्ती 2020 ची. क्रियापदानंतर वाक्यात काय काय येऊ शकतं यावर हॉर्नबींचा भर होता, आणि तो आजच्या पानावरही दिसतो. अर्थाच्या आधी ठळक अक्षरांत साचा दिलेला असतो: क्रियापद, पुढे 'समथिंग' किंवा 'समबडी', मग 'कुठे' सांगणारा शब्द. 'समथिंग' दिसलं की कर्म हवं, नाही दिसलं की नको.

पण ऑक्सफर्डची खरी ताकद रूपांच्या तक्त्यात आहे. क्रियापदाच्या पानावर 'व्हर्ब फॉर्म्स' हा भाग उघडला की वर्तमान, तृतीय पुरुषी रूप, भूतकाळ, तिसरं रूप आणि चालू रूप ओळीने मिळतात, प्रत्येकाचा ब्रिटिश आणि अमेरिकी उच्चार ऐकता येतो. 'ले'चा भूतकाळ 'लेड' नियमित वाटतो, पण लिहिताना 'प्ले'च्या धर्तीवर शेवटी 'ई-डी' लावून मोकळे होणारे खूप. ही चूक तक्ता एकदा नजरेखालून घातला की सुटते. 'लाय'च्या चालू रूपातही 'आय-ई' जाऊन त्या जागी 'वाय' येतो. याशिवाय 'कोणता शब्द?' अशा मथळ्याच्या चौकटींत गोंधळाच्या जोड्या समोरासमोर मांडलेल्या आहेत. आडवं पडण्याचं 'लाय' आणि खोटं बोलण्याचं 'लाय' यांना वेगळे क्रमांक देऊन वेगळी पानं केली आहेत, हेही चांगलं. फक्त शोधपेटीत 'लाय' टाकल्यावर समोर आलेलं पान पहिल्याचं की दुसऱ्याचं हे आधी पाहून घ्या.

केंब्रिजची बाजू वेगळी. कोशाची नोंद ठीकठाक आहे: प्रत्येक अर्थसमूहाला मोठ्या अक्षरांत एक दिशादर्शक शब्द, पुढे 'आय' किंवा 'टी' हे अक्षर. त्या एका अक्षरावर सगळी भिस्त असल्याने घाईत वाचणाऱ्याचं लक्ष हमखास चुकतं. कोशाला जोडलेला व्याकरणाचा विभाग मात्र फार उपयोगी. त्यात 'सहज गोंधळ होणारे शब्द' असा एक भाग आहे. 'ले की लाय', 'राइझ की रेझ', 'से की टेल', 'हिअर की लिसन', 'रिमेंबर की रिमाइंड' अशी एकेक जोडी घेऊन छोटं टिपण, खाली बरोबर आणि चूक वाक्यं. 'ऐकणे' या एकाच शब्दात 'हिअर' आणि 'लिसन' दोन्ही कोंबणाऱ्या आपल्यासारख्यांना हा भाग कोशापेक्षाही जास्त उघडावासा वाटेल. तिथे पोचायची वाट मात्र सरळ नाही. शब्दाच्या पानावरून टिपणाकडे जाणारा दुवा पटकन दिसत नाही, म्हणून थेट व्याकरण विभागात जाऊन शोधणं बरं.

केंब्रिजकडे इंग्रजी–मराठी कोशही आहे. इंग्रजी व्याख्या आणि तिच्यापुढे मराठी प्रतिशब्द, अशी त्याची घडण. वाचताना अडलेला शब्द सोडवायला तो पुरतो. दोन क्रियापदांतला भेद समजायला एका प्रतिशब्दाने भागत नाही, मग तो कोणत्याही द्वैभाषिक कोशाचा असो. 'ले'ला मराठीत अंडी घालणं, पाया घालणं, विटा रचणं, फरशी बसवणं, सापळा लावणं, टेबल मांडणं असे सहा ठिकाणी पाच वेगवेगळे शब्द लागतात. त्यातला कोणताही एक पाठ केला तर उरलेले चार हातचे जातात.

लाँगमनबद्दल थोडक्यात. 1978 पासूनचा हा कोश सुमारे 2000 सोप्या शब्दांतच सगळ्या व्याख्या लिहितो, त्यामुळे व्याख्येतला शब्द पुन्हा कोशात शोधायची पाळी सहसा येत नाही. 'लाय'च्या नोंदीत 'नेहमी क्रियाविशेषण किंवा शब्दयोगी अव्ययासह' अशा अर्थाची खूण येते, आणि ती महत्त्वाची आहे. 'पुस्तक पडून होतं' एवढं म्हणून इंग्रजी वाक्य पूर्ण होत नाही, कुठे पडून होतं हे लागतं. बोलण्यात आणि लिहिण्यात शब्द किती नेहमीचा हे 'एस' आणि 'डब्ल्यू' या अक्षरांपुढे 1 ते 3 आकडा टाकून दाखवलेलं असतं. नवशिक्याने सुरुवात इथून करायला हरकत नाही.

लाँगमन आणि केंब्रिज या दोघांच्याही पानांवर तळाशी मजकूरसंग्रहातून आपोआप उचललेली वाक्यं येतात. ती संपादकांनी अर्थानुसार निवडून बसवलेली नसतात. 'ले'च्या पानावर त्यांत 'लाय'चा भूतकाळही सापडू शकतो, कारण यंत्राला अक्षरं तेवढी सारखी दिसतात. अर्थाखाली, क्रमांकासोबत दिलेलं उदाहरण विश्वासाचं. तळाचा ढीग वाचायचाच असेल तर भेद पक्का झाल्यावर सराव म्हणून वाचावा.

आता जे या पाचांपैकी कोणीच सांगत नाही ते. दोष त्यांचा नाही, ते मराठी वाचकासाठी लिहिलेलेच नाहीत.

मराठीत साध्या भूतकाळात सकर्मक क्रियापदाच्या कर्त्याला 'ने' लागतो. 'त्याने चादर पसरली', 'कोंबडीने अंडं घातलं', 'गवंड्याने विटा रचल्या'. अकर्मकाला लागत नाही: 'तो आडवा झाला', 'पत्र तसंच पडून राहिलं'. मग इंग्रजी वाक्य लिहिण्याआधी तेच मराठीत, तृतीय पुरुषात आणि साध्या भूतकाळात मनाशी म्हणून पाहायचं. 'ने' आला तर 'लेड', नाही आला तर 'ले'. तृतीय पुरुष अशासाठी की 'मी' आणि 'तू' यांना 'ने' दिसत नाही. तिथे क्रियापद कोणामागे जातं ते बघावं लागतं: 'मी पुस्तक ठेवलं' यात ते पुस्तकामागे गेलं, 'मी आडवा झालो' यात माझ्यामागे. साधा भूतकाळ अशासाठी की 'त्याने यावं' यासारख्या वाक्यात अकर्मकालाही 'ने' येतो आणि कसोटी फसते.

फसण्याच्या जागा आणखी आहेत. शिकणे, विसरणे, पिणे, म्हणणे या क्रियापदांना कर्म असूनही 'ने' लागत नाही: 'तो धडा शिकला', 'ती नाव विसरली'. सुदैवाने 'लाय–ले'च्या हद्दीत ही क्रियापदं येत नाहीत. एक वाक्प्रचार मात्र हमखास दगा देतो: 'त्याने अंथरुणावर अंग टाकलं'. 'ने' आहे, कर्मही आहे, पण ते कर्म म्हणजे त्याचं स्वतःचंच अंग. इंग्रजीत इथे 'लाय डाउन'चा भूतकाळ 'ले डाउन' हवा. 'लेड' वापरायचाच हट्ट असेल तर पुढे 'हिमसेल्फ' घालावं लागतं, आणि ते जुनाट वाटतं.

दुसरी चूक '-लेला'ची. ती जास्त खोलवर रुजलेली आहे. 'पुस्तक टेबलावर पडलेलं आहे' याचं भाषांतर करताना '-लेलं' पाहून हात आपोआप तिसऱ्या रूपाकडे जातो आणि 'इज लेड' किंवा 'इज लेन' असं काहीतरी उतरतं. पहिल्याचा अर्थ होतो कोणीतरी ते तिथे ठेवतं किंवा ठेवलेलं आहे, दुसरं इंग्रजीच नाही. चालू असलेल्या स्थितीसाठी मराठी '-लेला' वापरते, इंग्रजी '-इंग': 'इज लाइंग'. 'बसलेला' म्हणजे 'सिटिंग', 'झोपलेला' म्हणजे 'स्लीपिंग', तसंच हे. 'टेबल मांडलेलं आहे' इथे मात्र 'लेड' बरोबर, कारण ते कोणीतरी मांडलं आहे. या एका फरकासाठी कोणत्याही कोशाची चौकट शोधू नका. ती सापडणार नाही.

वाचताना समोर आलेलं 'ले' कोणतं हे ओळखायलाही एक सोपी खूण आहे. कर्ता एकवचनी तृतीय पुरुषी असेल आणि क्रियापदाला शेवटी 'एस' नसेल, म्हणजे 'शी ले' असं असेल, तर ते नक्की 'लाय'चं भूतकाळी रूप. वर्तमानातलं 'ठेवणं' असतं तर 'शी लेज' झालं असतं. कर्ता अनेकवचनी असेल, 'दे ले', तर ही खूण उपयोगी नाही. मग पुढे कर्म आहे का ते पाहायचं. कर्म नसतानाही 'ले' वर्तमानकाळी असण्याची एक ठळक जागा आहे ती कोंबडीची: 'कोंबड्या हल्ली नीट घालत नाहीत' असं मराठीतही म्हणतो, 'अंडी' गृहीत धरून. इंग्रजीतही तसंच.

'लेन' हे रूप वाचायला ठीक, पण बोलण्यात दुर्मीळ. इंग्रजी मातृभाषा असणारेसुद्धा ते टाळून 'हॅज बीन लाइंग' म्हणतात, आणि शिकणाऱ्यानेही तेच करावं. त्यांचा स्वतःचाही गोंधळ होतो, त्याचं एक कारण कानाचं आहे. 'लेड डाउन' भरभर म्हटलं तर दोन 'ड' एकात मिसळतात आणि ते 'ले डाउन'सारखंच ऐकू येतं. मेरियम-वेब्स्टरचा मोठा कोश या बाबतीत उदार आहे. 'लाय'च्या अर्थी 'ले' चौदाव्या शतकापासून वापरात आहे आणि 1770 च्या सुमारापर्यंत त्याला कोणी हरकत घेतली नव्हती, असं त्याचं टिपण सांगतं. बोलताना कोणी 'आय अॅम गोइंग टू ले डाउन' म्हटलं तर दुरुस्त करायच्या फंदात पडू नये. परीक्षेत, अर्जात किंवा छापायच्या मजकुरात मात्र प्रमाण रूपच हवं, तिथे हा इतिहास गुण मिळवून देत नाही.

याच घराण्यातल्या इतर जोड्यांवर कोशांचा क्रम फारसा बदलत नाही. 'राइझ–रोझ–रिझन' म्हणजे उगवणं, वर जाणं, वाढणं, आणि 'रेझ–रेझ्ड–रेझ्ड' म्हणजे वर करणं, वाढवणं. इथे रूपं एकमेकांत घुसत नाहीत, म्हणून काम हलकं. 'किंमत वाढली' ते 'रोझ', 'कंपनीने किंमत वाढवली' ते 'रेझ्ड'. खाच एकच: पगारवाढीला ब्रिटनमध्ये 'राइझ' म्हणतात, अमेरिकेत 'रेझ'. तेवढ्यापुरते ब्रिटिश आणि अमेरिकी दोन्ही बाजू दाखवणारे ऑक्सफर्ड किंवा केंब्रिज बरे. 'फॉल–फेल–फॉलन' आणि 'फेल–फेल्ड–फेल्ड' यांची मात्र थेट 'लाय–ले'सारखीच गाठ आहे: एकाचा भूतकाळ तो दुसऱ्याचा वर्तमान. मराठीत 'पडणे' आणि 'पाडणे'. झाड तोडून पाडायला हे दुसरं 'फेल' वापरतात. 'नापास होणं' या अर्थाच्या 'फेल'शी त्याचा संबंध नाही, स्पेलिंगही वेगळं.

मॅकमिलनचा कोश या यादीत का नाही असं कोणी विचारेल. तो चांगला होता, पण त्याचं संकेतस्थळ 2023 मध्ये बंद झालं. जुन्या शिफारशींमधले त्याचे दुवे आता कुठेच नेत नाहीत.

ज्यांना 'का' हा प्रश्न सुटत नाही त्यांच्यासाठी ऑक्सफर्डच्या पानावर शब्दाच्या उगमाचा एक छोटा भाग असतो. जुन्या इंग्रजीत 'लाय'चं रूप 'लिजन'च्या जवळचं होतं आणि त्यापासून बनलेलं प्रयोजक रूप 'लेजन', म्हणजे 'आडवं करायला लावणं'. त्यातून आजचं 'ले' आलं. 'सिट' आणि 'सेट' असेच, बसणे आणि बसवणे. 'ड्रिंक' आणि 'ड्रेंच' ही जोडीही त्यातलीच, म्हणजे आपलं पिणे आणि पाजणे. 'ड्रेंच'चा आजचा रोजचा अर्थ 'चिंब भिजवणं' असा सरकला आहे, पण पशुवैद्यकात जनावराच्या तोंडात औषध ओतून पाजण्याला अजूनही 'ड्रेंच'च म्हणतात. तो अर्थ शिकणाऱ्यांच्या कोशात शोधत बसू नका, त्यासाठी मेरियम-वेब्स्टरसारखा मोठा कोश उघडा.